गावात आरोग्य संकटासाठी हॅकेथॉन घ्यायची आहे? पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी सगळी माहिती

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवते. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती, अकोला, यवतमाळ या भागात कोविड पुन्हा उसळला. २२ फेब्रुवारीला अमरावतीत टाळेबंदी लागली आणि एप्रिल येईतो आमच्या तालुक्यातले लोक एका खाटेसाठी रात्रभर फोन फिरवत होते. त्या एप्रिलच्या शेवटी आम्ही काही शिक्षक आणि माजी विद्यार्थ्यांनी मिळून ऑनलाइन हॅकेथॉन घेतली. नऊ गट होते, दोन दिवसांत ॲप, वेबसाइट, शीट अशी नऊ कामं तयार झाली. महिनाभरानंतर त्यातलं एकच काम चालू होतं.

पुढे डेंगीच्या हंगामात आम्ही आणखी दोनदा हॅकेथॉन घेतली, या वेळी कॉलेजच्या लॅबमध्ये, समोरासमोर बसून. त्यातून बरंच शिकलो. आता आजूबाजूच्या तालुक्यांतली मुलं विचारतात, "मॅडम, आम्हालाही घ्यायची आहे, सुरुवात कुठून करू?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

ज्यांनी हा शब्द पहिल्यांदाच ऐकला त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. ठरावीक वेळात, बहुधा दोन दिवसांत, वेगवेगळ्या कामांतली माणसं एकत्र बसतात आणि एका प्रश्नावर चालणारं काहीतरी बनवतात, ती हॅकेथॉन. कोविडच्या सुरुवातीला अशा हॅकेथॉन जगभर झाल्या. एस्टोनियाने २०२० च्या मार्चच्या मध्यालाच 'हॅक द क्रायसिस' घेतली. जर्मनीत २० ते २२ मार्चला झालेल्या हॅकेथॉनमध्ये २८ हजारांहून जास्त लोक सहभागी झाले. माझ्या मते सगळ्यांत शिकण्यासारखं उदाहरण मात्र तैवानचं आहे. तिथे फेब्रुवारी २०२० मध्ये कोणत्या औषध दुकानात किती मास्क शिल्लक आहेत याचे नकाशे नागरिकांनी बनवले आणि ते नकाशे खरोखर वापरात आले. कारण तिथे मास्क आरोग्य विम्याच्या कार्डावर मिळत होते, प्रत्येक विक्रीची नोंद सरकारकडे आपोआप जात होती आणि सरकारने ती शिलकीची माहिती सगळ्यांना खुली केली होती. नकाशा बनवणाऱ्याला एकाही दुकानात फोन करावा लागत नव्हता.

आमच्याकडे नेमकं इथेच अडलं. आमच्या एका गटाने रिकाम्या खाटा दाखवणारी वेबसाइट केली. दिसायला देखणी होती, मोबाइलवर झटकन उघडायची. खाटांचे आकडे मात्र मुलं दवाखान्यांना फोन करून भरत होती. पहिले दोन दिवस दर तासाला फोन गेले, तिसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ. चौथ्या दिवशी रात्री एका कुटुंबाने आमच्या पानावर 'दोन खाटा रिकाम्या' असं पाहिलं आणि आजोबांना गाडीत घालून ४० किलोमीटर गाठले. त्या खाटा दुपारीच भरल्या होत्या. पहाटे दुसरीकडे खाट मिळाली, आजोबा वाचले. त्यांच्या मुलाने मला फोन करून शांतपणे एवढंच सांगितलं, "मॅडम, ते पान बंद करा." त्याच रात्री बंद केलं.

जे एक काम टिकलं ते होतं एक साधं गूगल शीट. कोणत्या गावात ऑक्सिमीटर आहे, कोणाकडे आहे, सेल चालू आहेत का, एवढंच त्यात होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातले डेटा ऑपरेटर दादा तसेही रोज संध्याकाळी सगळ्या आशाताईंना फोन करायचे. त्याच फोनमध्ये त्यांनी हा एक प्रश्न जोडला, म्हणून ते शीट जगलं.

पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन अनुभवांतून आल्या आहेत.

१. आधी एक दिवस आशाताईंबरोबर फिरा

हॅकेथॉनच्या निदान तीन आठवडे आधी हे करा. लॅपटॉप घरी ठेवा, वही घ्या. गावात साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते. आदिवासी भागात त्याहून कमी वस्तीलाही असते. तिच्यासोबत सकाळी आठ ते दुपारी एकपर्यंत घरोघर जा. ती काय विचारते, कुठे लिहिते, किती वेळा लिहिते, ते मोजा.

मी ज्या ताईंबरोबर फिरले त्यांच्या पिशवीत तीन रजिस्टर, एक डायरी आणि घडी करून ठेवलेले सहा-सात सुटे कागद होते. तापाच्या एका रुग्णाचं नाव त्यांनी त्या दिवशी चार ठिकाणी लिहिलं. नंतर तेच फोनवर सांगितलं, मग त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. "हे सहावं झालं," त्या म्हणाल्या, "तुमचं ॲप आलं का सातवं."

म्हणून आमच्या हॅकेथॉनचा पहिला नियम असा की नव्या साधनामुळे कोणाचं तरी एक लिहिणं कमी झालं पाहिजे. कमी होत नसेल, तर तो विषय घेऊ नका.

आशाताईंनंतर उपकेंद्रातल्या सिस्टर, आरोग्य सेवक आणि आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी यांना भेटा. वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे वेळ कमी असतो, त्यांना एकच प्रश्न विचारा: "रोज कोणती माहिती तुम्हाला उशिरा मिळते?" आम्हाला मिळालेलं उत्तर होतं, "कोणत्या गावात ताप वाढतोय हे मला चार दिवसांनी कळतं." त्या एका वाक्यावर पुढची अख्खी हॅकेथॉन उभी राहिली.

२. जे आहे ते पुन्हा बनवू नका

नवीन मुलांचा पहिला उत्साह ठरलेला असतो: रुग्णवाहिका बोलावण्याचं ॲप. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे, आरोग्याच्या सल्ल्यासाठी १०४ आहे, घरबसल्या डॉक्टरांशी बोलायला ई-संजीवनी आहे, साथीच्या आजारांची सरकारी नोंद आयएचआयपी या पोर्टलवर होते. यातलं काही गावात नीट पोहोचत नसेल तर ते का पोहोचत नाही, हा चांगला प्रश्न आहे. त्यावर काम करा. आमच्या एका गटाने १०८ वर बोलताना गावाचा पत्ता कसा सांगायचा याचं एक पानी कार्ड केलं होतं. त्यावर जवळचा फाटा, मारुतीचं देऊळ, पाण्याची टाकी अशा खुणा आणि एक फोन नंबर होता. त्यात संगणकाचं काम जवळजवळ नव्हतं. तरी ते कार्ड आजही काही घरांच्या दारामागे चिकटलेलं दिसतं.

३. परवानग्या आणि कागदपत्रं

यात टाळाटाळ केली तर ऐनवेळी सगळं अडतं. आम्ही जमवलेली कागदपत्रं अशी:

- कॉलेजच्या प्राचार्यांचं जागा, वीज आणि लॅब वापरण्याचं लेखी पत्र, रात्री थांबायचं असेल तर तसा स्पष्ट उल्लेख
- तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना दिलेला अर्ज आणि त्यांच्या कार्यालयाचा आवक शिक्का असलेली प्रत
- ज्या गावात चाचणी करणार तिथल्या ग्रामपंचायतीचं पत्र, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) दोघांनाही माहिती हवी
- १८ वर्षांखालच्या मुलांच्या पालकांचं संमतिपत्र
- प्रत्येक सहभागी व्यक्तीचं, रुग्णांची माहिती बाहेर नेणार नाही असं सही केलेलं हमीपत्र
- बनवलेलं साधन कोणाच्या मालकीचं आणि पुढे कोण वापरू शकेल, याचा एक पानी करार

शेवटचा कागद सगळे विसरतात. आमच्या पहिल्या वेळी एका मुलाने गटाचं सगळं काम स्वतःच्या खात्यावर ठेवलं होतं. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, पासवर्डही त्याच्यासोबत गेला. आता आम्ही हॅकेथॉनसाठी वेगळं ईमेल खातं उघडतो आणि त्याचा पासवर्ड बंद पाकिटात प्राचार्यांच्या कपाटात ठेवतो.

तोंडी "हो, करा की" यावर थांबू नका. अधिकारी बदलून गेले की तोंडी परवानगीही जाते.

४. तारीख

पेरणीचे दिवस, म्हणजे जूनचा मध्य ते जुलैचा पहिला पंधरवडा, सोडा. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीचे दिवस सोडा. पोळा आणि तान्हा पोळा सोडा. आठवडी बाजाराचा दिवस सोडा. पल्स पोलिओची फेरी आणि आशांच्या मासिक बैठकीची तारीख आरोग्य केंद्रात विचारून घ्या. आम्ही बैठकीनंतरचा शनिवार-रविवार धरतो, कारण बैठकीत आशाताईंना प्रत्यक्ष भेटून आमंत्रण देता येतं. मे महिन्यात लॅबमध्ये ३० माणसं बसवायचा विचारही करू नका.

५. माणसं कोण हवीत

सहा जणांचा गट पुरेसा. त्यात दोन जण प्रोग्रामिंग येणारे, एक आशा किंवा सिस्टर, एक गावातली अशी व्यक्ती जिला सगळे ओळखतात (आमच्याकडे किराणा दुकानवाले काका आणि बचत गटाच्या अध्यक्ष काकू आल्या होत्या), एक अक्षर आणि चित्र चांगलं असणारं पोर, आणि एक जण जो फक्त लिहून ठेवेल.

आशाताईंना पाहुण्या म्हणून मंचावर बसवू नका, गटात बसवा. त्यांचा दोन दिवसांचा रोज बुडतो, तो द्या. मानधन किती हे आधी सांगा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हातात द्या. बक्षिसांवर खर्च करण्यापेक्षा मला हे जास्त गरजेचं वाटतं. आम्ही रोख बक्षीस बंदच केलं. ते पैसे निवडलेल्या साधनाच्या सहा महिन्यांच्या रिचार्जला ठेवतो.

मेळघाटात घेणार असाल तर कोरकू बोलणारे, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणारे निदान एक तरी जण प्रत्येक गटात हवेत. तिथे मराठीतलं लेखी ॲप म्हणजे परक्या भाषेतलं ॲप. गावातल्याच एखाद्या बाईच्या आवाजातला अर्ध्या मिनिटाचा निरोप त्याहून जास्त कामाला येतो.

६. साहित्य

- लॅपटॉप, गटामागे दोन. लॅबचे डेस्कटॉप मोजू नका, लाइन गेली की ते बंद
- एक्स्टेन्शन बोर्ड, जमल्यास इन्व्हर्टर
- दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम कार्डं, कोणत्या कोपऱ्यात कोणाची रेंज येते ते आदल्या दिवशी बघून ठेवा
- तीन-चार जुने, स्वस्त अँड्रॉइड फोन, चाचणीसाठी
- मोठे कागद, मार्कर, कोरी रजिस्टरं
- ओडीके कलेक्ट किंवा कोबो टूलबॉक्स (मोबाइलवर फॉर्म भरून माहिती गोळा करायची साधनं, दोन्ही फुकट, रेंज नसतानाही फॉर्म भरता येतो, रेंज आली की माहिती जाते)
- गूगल शीट, ओपन स्ट्रीट मॅप (कोणालाही वापरता येणारा फुकट नकाशा)
- जेवण, पिण्याचं पाणी, मुलींना रात्री घरी सोडण्याची सोय

ओडीके आणि कोबो आदल्या आठवड्यात शिकवून घ्या. दोन तासांत येतं. नवीन ॲप शून्यापासून लिहिण्याचा हट्ट बहुतेक वेळा याच दोन साधनांनी सुटतो.

७. माहितीतले खड्डे

आमचा सर्वांत जास्त वेळ इथे गेला, म्हणून सविस्तर सांगते.

*फॉन्ट.* कार्यालयातून गावांची किंवा कर्मचाऱ्यांची यादी मिळते ती पुष्कळदा कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. ती शीटमध्ये चिकटवली की निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर इंटरनेटवर आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. बदललेली यादी मूळ कागदाशी एकेक ओळ ताडून बघा. हे कंटाळवाणं काम बारावीची दोन मुलं दोन तासांत करतात.

*गावाचं नाव.* सावंगी, हिवरा, पिंपरी, वडगाव ही नावं आपल्याकडे किती गावांची आहेत ते सांगायला नको. खुर्द, बुद्रुक, कंसात नदीचं किंवा शेजारच्या गावाचं नाव लावूनही गोंधळ होतोच. आमच्या तापाच्या नकाशावर एकाच गावात अचानक १७ रुग्ण दिसले, मुलं घाबरली. प्रत्यक्षात ते तीन वेगवेगळ्या गावांचे होते. नाव टाइप करू देऊ नका, यादीतून निवडायला लावा. प्रत्येक गावाला केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला कोड असतो, तो यादीत नावाशेजारी ठेवा.

*आकडे.* फॉर्ममध्ये कोणी १२ लिहितं, कोणी इंग्रजी आकड्यात लिहितं. आमच्या शीटने देवनागरी आकडे संख्या म्हणून धरलेच नाहीत, बेरीज चुकीची आली आणि ती दुसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आली. फॉर्मच्या त्या रकान्यात फक्त संख्येचा कीबोर्ड उघडेल अशी सोय करा.

*तारीख.* ताप आला ती तारीख, आशाताईंना कळलं ती तारीख आणि फॉर्म भरला ती तारीख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. साथ कळते ती पहिल्या तारखेवरून.

*मोजायचं काय.* डेंगीत आरोग्य सेवक डासअळी सर्वेक्षण करतात. ६० घरं तपासली आणि ९ घरांत अळी सापडली तर हाऊस इंडेक्स, म्हणजे अळी सापडलेल्या घरांची टक्केवारी, १५. हे गणित ते कागदावर करतात, आठवड्याच्या शेवटी तालुक्याला जातं. आमच्या एका गटाने कोबोवर फक्त चार प्रश्नांचा फॉर्म केला: घर तपासलं का, अळी सापडली का, कशात सापडली, अबेट (अळी मारायचं औषध) टाकलं का. गणित आपोआप होतं. 'कशात सापडली' या प्रश्नाने आम्हाला खरं उत्तर दिलं. उन्हाळा संपल्यावर अंगणात, छपरीत, शेडमध्ये ढकलून ठेवलेले कूलर. तळाला चार बोटं पाणी, त्यात अळी. विदर्भातल्या घरांत कूलर नाही असं घर विरळा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून दर आठवड्याला कोरडा दिवस पाळायचा, पाण्याची भांडी रिकामी करून घासायची, हे सगळ्यांना पाठ आहे. पण रांजण घासणाऱ्या घरातही कूलर कोणाच्या ध्यानात येत नव्हता. त्यानंतर दवंडीत 'कूलर आडवा करा' हे वाक्य आलं.

८. दोन दिवस कसे जातात

पहिल्या दिवशी सकाळी भाषणं १५ मिनिटांत आटपा. उद्घाटनाला पाहुणे बोलावलेत तर दुपार जाते, हा अनुभव आहे. मग आशाताई आणि सिस्टर यांनी त्यांचा एक दिवस सांगायचा, बाकीच्यांनी ऐकायचं. प्रत्येक गटाने आपला प्रश्न एका ओळीत लिहून भिंतीवर लावायचा. त्या ओळीत कोण, कुठे, कधी हे असलंच पाहिजे. 'आरोग्य जागृती' ही ओळ चालत नाही. 'उपकेंद्रातल्या सिस्टरना सोमवारी सकाळी ११ पर्यंत ताप असलेल्या घरांची यादी मिळावी' ही चालते.

दुपारपर्यंत संगणक उघडायचा नाही. मोठ्या कागदावर मोबाइलचा पडदा काढा, बटणं काढा, आशाताईंना त्या कागदावर बोट ठेवून वापरायला सांगा. जिथे बोट थांबतं तिथे तुमचं चुकलं. संध्याकाळपासून बनवायला घ्या. रात्रभर जागायची प्रथा आहे, मी ती पाळू देत नाही. रात्री अकराला लॅब बंद करते. झोप न झालेल्या मुलांनी केलेल्या चुका दुसऱ्या दिवशी शोधत बसावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थेट गावात.

९. गावात चाचणी

ही पायरी गाळलीत तर बाकी सगळं वाया गेलं असं समजा. आम्ही सात किलोमीटरवरच्या एका गावात जातो. समाजमंदिरात सतरंजी टाकून बसतो.

डेंगीच्या पहिल्या हॅकेथॉनच्या वेळी एका ताईंना आमच्या मुलाने मोठ्या उत्साहाने ॲप टाकायला सांगितलं. त्यांचा फोन जुना, काचेला कोपऱ्यात तडा, मागे रबराने धरून ठेवलेलं कव्हर. पडद्यावर आलं, जागा पुरेशी नाही. त्या गॅलरी उघडून एकेक फोटो बघायला लागल्या. म्हणाल्या, "मॅडम, माह्या नातवाचे फोटो हायेत हे. बारशाचे काढून टाकू का?"

मुलाने फोन त्यांच्या हातातून हळूच घेतला आणि म्हणाला, "नको काकू, आमचंच ॲप लहान करतो." त्याने ते ॲप सोडूनच दिलं. संध्याकाळपर्यंत त्याच्या गटाने तेच काम व्हॉट्सॲपवरच्या एका ठरावीक मेसेजने होईल असं केलं: गावाचा कोड, स्पेस, तापाच्या घरांची संख्या. व्हॉट्सॲप त्यांच्या फोनमध्ये होतंच.

चाचणीत बघायच्या गोष्टी: उन्हात पडदा दिसतो का, बॅटरी किती उतरते, रेंज गेल्यावर भरलेली माहिती राहते का, मध्येच फोन आला तर फॉर्म पुसला जातो का, आणि शेवटी ताईंना विचारा, "हे आणि रजिस्टर, दोन्ही भराल का?" उत्तर खरं हवं असेल तर हा प्रश्न सिस्टर किंवा डॉक्टरांसमोर विचारू नका.

१०. नाव, आजार आणि गाव

कोविडच्या सुरुवातीला बाधितांच्या नावांच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरल्या, त्या घरांना दूधवाल्याने दूध बंद केलं. हे मी माझ्या गल्लीत पाहिलं आहे. म्हणून यात कसलीही सूट नाही.

नाव काढून टाकलं म्हणजे झालं असं शहरात वाटू शकतं. ८०० वस्तीच्या गावात 'बाई, वय ६२, पाण्याच्या टाकीजवळ' एवढं लिहिलं की सगळ्या गावाला कळतं. बाहेर दाखवायच्या नकाशावर फक्त गाव आणि संख्या. पाचपेक्षा कमी रुग्ण असतील तर आम्ही संख्याही दाखवत नाही, 'काही रुग्ण' लिहितो. घरापर्यंतची माहिती फक्त सिस्टर आणि वैद्यकीय अधिकारी यांना. शीटची लिंक 'कोणालाही उघडता येईल' अशी ठेवू नका, ही चूक मुलं घाईत नेहमी करतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. त्यात संमती आणि माहिती कशासाठी घेतली हे सांगणं, दोन्हीवर भर आहे. संमतीचं वाक्य मराठीत, आणि वाचून दाखवता येईल एवढं छोटं लिहा.

उपचार सांगणारं काहीही बनवू नका. कोणती गोळी, किती वेळा, हे ॲपने सांगायचं नाही. डेंगीच्या तापात काही वेदनाशामक गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. आरोग्याचा प्रत्येक मजकूर वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून लिहून किंवा तपासून घ्या, त्यांची सही असलेला कागद फाइलमध्ये ठेवा.

आणखी एक गोष्ट. तुमच्या साधनाने कोणाचा तरी नंबर मागे पडेल का, हे तपासा. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस सुरू झाली तेव्हा आधी कोविन या सरकारी पोर्टलवर वेळ घेणं सक्तीचं होतं. मोकळी जागा झाली की फोनवर सूचना देणारी साधनं हुशार मुलांनी बनवली, हेतू चांगलाच होता. पण ज्यांच्याकडे चांगला फोन आणि नेट होतं ते शहरातून गाड्या करून खेड्यांतल्या केंद्रांवर आले, आणि त्या गावातली माणसं दारात उभी राहून बघत राहिली. २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर या वयोगटाची जागेवर नोंदणी करायला परवानगी मिळाली, तोवर हेच चाललं. आता प्रत्येक गटाला मी विचारते, "ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याचं काय?" मिस्ड कॉल, आवाजी निरोप, नाहीतर आशाताईंमार्फत, काहीतरी उत्तर हवंच.

११. सोमवारी सकाळी कोण?

रविवारी संध्याकाळी टाळ्या वाजतात, फोटो निघतात. सादरीकरणात आम्ही गुण देतो ते असे: निम्मे गुण 'सोमवारपासून हे कोण चालवणार' या उत्तराला. त्या व्यक्तीचं नाव लागतं, तिच्या रोजच्या कामात हे कुठे बसतं ते लागतं, आणि ती व्यक्ती तिथे हजर लागते. 'आरोग्य विभाग चालवेल' याला शून्य.

पुढचा महिना एक विद्यार्थी आठवड्यातून दोनदा आरोग्य केंद्रात जाऊन बसेल, हे आधीच ठरवा. पहिल्या आठवड्यात रोज काहीतरी बिघडतं. फोन केला की अर्ध्या तासात उत्तर देणारं कोणी नसेल, तर ताई पुन्हा रजिस्टरकडे वळतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

खर्च: ३५ माणसांचं दोन दिवसांचं जेवण-चहा, आशाताईंचं मानधन, गावात जायची गाडी, रिचार्ज आणि झेरॉक्स मिळून आमचे १८ हजारांच्या आसपास गेले. निम्मे माजी विद्यार्थ्यांनी दिले, बाकी आम्ही शिक्षकांनी. देणगीदाराचं नाव ॲपवर टाकायची अट असेल तर ती देणगी आम्ही घेत नाही.

१२. बंद करायची तारीख

साधन सुरू करतानाच ते कधी बंद होणार हे लिहून ठेवा. डेंगीसाठी आम्ही ३१ डिसेंबर धरतो. कोविड१९ इंडिया हे संकेतस्थळ स्वयंसेवकांनी मार्च २०२० पासून चालवलं, राज्यांची आकडेवारी रोज गोळा करून मांडली, आणि ते ३१ ऑक्टोबर २०२१ ला आधी जाहीर करून थांबवलं. थांबवायचं तर असं. बेवारस पडलेलं पान जुने आकडे दाखवत राहतं, आणि त्यावर विसंबून रात्री कोणीतरी गाडी काढतं.

बंद करताना गावनिहाय संख्यांची एक छापील प्रत तालुका आरोग्य कार्यालयात आणि एक ग्रामपंचायतीत द्या, पोच घ्या. घरापर्यंतची सगळी माहिती शीटमधून, फोनमधून, पेन ड्राइव्हमधून पुसा. आम्ही हे आशाताई आणि सिस्टर यांच्यासमोर करतो. मागच्या वेळी शेवटची फाइल पुसायचं बटण त्याच ताईंनी दाबलं, ज्यांच्या फोनमध्ये जागा नव्हती. मग त्यांनी विचारलं, "कूलरवालं पुढच्या साली करसान ना?" जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही त्यांच्या गावी जाणार आहोत.